काळा नेमका कुठल्या प्लेटवर जातोय? छपाईच्या चित्रांतला काळा आणि स्पॉट रंग

फाइल प्रेसला पाठवण्याआधी एक गोष्ट करा. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये शिफ्ट आणि एफ-६ दाबून सेपरेशन्स प्रीव्ह्यू, म्हणजे एकेक शाई सुटी दाखवणारी खिडकी, उघडा, सेपरेशन्स चालू करा आणि काळ्याच्या नावासमोरचा डोळा बंद करा. पानावरचा सगळा मजकूर नाहीसा झाला पाहिजे, खाली कोरा कागद दिसला पाहिजे. अक्षरं तपकिरी-करडी होऊन मागे उरली, तर तुमचा मजकूर एका शाईत नाही, चार शायांत छापला जाणार आहे. पीडीएफ असेल तर हेच अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये बघता येतं.

मी नारायण पेठेत गेली २२ वर्षं प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करण्याचं, काम करते. गणपतीआधी मंडळांचे अहवाल आणि पावती पुस्तकं, मग दिवाळी अंक, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका, आणि अधूनमधून संस्थांच्या स्मरणिका. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी पहिल्या दिवशी हा डोळा बंद करायला लावते. मशीनला रंग कळत नाही, तिला प्लेट कळते. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी: सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा या चार, आणि स्पॉट रंग, म्हणजे या चारांतून न बनवता वेगळ्या शाईने छापायचा रंग, असेल तर त्याची आणखी एक. कुठल्या प्लेटवर किती टक्के डॉट, म्हणजे शाईचा बारीक ठिपका, आहे, एवढंच तिच्यापर्यंत पोचतं. म्हणून स्क्रीनवर चित्र कितीही छान दिसो, ते प्लेटांच्या हिशेबाने बघायची सवय लागली पाहिजे.

पुण्याला ही नजर जुनी आहे. १८७८ साली इथे चित्रशाळा प्रेस सुरू झाला. त्या काळच्या रंगीत शिळाछापाची रीतच अशी होती, की जितके रंग तितके दगड. काळी रेघ कुठल्या दगडावर आणि शालूचा लाल कुठल्या दगडावर, हे काढणाऱ्याला हात लावण्याआधीच ठरवावं लागे. दगडाच्या जागी आता अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आली, पण ठरवायचं काम आपलंच आहे.

मजकुराचा काळा

संस्थेची माणसं मजकूर वर्डमध्ये देतात, जाहिरातदार कॅनव्हातून पीडीएफ पाठवतात. त्यातला काळा आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या हिशेबातला, शून्य-शून्य-शून्य असतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन वेब-कोटेड प्रोफाइलने (रंग बदलायच्या ठरलेल्या हिशेबाने) तो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नेला की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा होतो. बेरीज ३००. एवढी शाई दहा पॉइंटच्या अक्षरावर चढवायची म्हणजे चारही प्लेटांचं मॅचिंग, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, केसाइतकंही हलून चालणार नाही. ते हलतंच. मग प्रत्येक अक्षराला एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी कड येते. देवनागरीत हे जास्त बोचतं, कारण आपल्या अक्षरांवर आणि खाली बारीक कामं फार. ‘कर्तृत्व’मधला रफार आणि ऋकार, ‘संस्था’वरचा अनुस्वार, या टिंबा-रेघांना जाडीच नसते. मॅचिंग जरा सरकलं की पहिल्यांदा ती फाटतात.

आलेल्या पीडीएफवर उपाय सोपा आहे. अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या प्रिंट प्रॉडक्शनमध्ये ‘कन्व्हर्ट कलर्स’ उघडा, छपाईचा प्रोफाइल निवडा आणि ‘प्रिझर्व्ह ब्लॅक’वर खूण करा. शुद्ध काळी अक्षरं मग एकट्या काळ्या प्लेटवर राहतात. करून झाल्यावर डोळा बंद करून पुन्हा बघायचं, खूण केली होती म्हणून गृहीत धरायचं नाही.

स्वतः मांडणी करताना इनडिझाइनचा मूळ ‘ब्लॅक’ स्वॉचच, म्हणजे रंगांच्या यादीतला तयार काळाच, वापरा. तो १०० टक्के असताना आपोआप ओव्हरप्रिंट होतो, म्हणजे खालचा रंग न कोरता त्यावर बसतो. त्याची नक्कल करून ‘काळा २’ वगैरे बनवलात, किंवा त्याचा ८० टक्के टिंट (फिकी छटा) घेतलात, की हे आपोआप होत नाही आणि अक्षराभोवती पांढरी फट दिसायची शक्यता उरते. कोरलड्रॉमध्ये वस्तूवर उजवं बटण दाबून ‘ओव्हरप्रिंट फिल’ स्वतः लावावं लागतं. आणि ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा स्वॉच फक्त कटिंगच्या खुणांसाठी आहे. दिसायला तो काळाच असतो, पण सगळ्या प्लेटांवर १०० टक्के जातो.

चित्रातच मजकूर असेल, म्हणजे एखाद्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट किंवा तक्ता, तर नेहमीचं रूपांतर करू नका. फोटोशॉपमध्ये एडिट, कन्व्हर्ट टू प्रोफाइल, तिथे कस्टम सीएमवायके निवडून जीसीआर (रंगीत शायांऐवजी काळी वापरणारी पद्धत) घ्या आणि ब्लॅक जनरेशन ‘मॅक्झिमम’ ठेवा. करड्या-काळ्या छटा मग जवळजवळ सगळ्या काळ्या प्लेटवर सरकतात आणि अक्षरं ताठ राहतात. फोटोंना मात्र ही सेटिंग लावू नये, सावल्या कोरड्या पडतात.

मोठा काळा

पानभर काळी पार्श्वभूमी एकट्या काळ्या शाईत छापली तर ती काळी दिसत नाही, पाटी धुऊन वाळल्यावर दिसते तशी करडी दिसते. तिथे खाली दुसरे रंग द्यावे लागतात. आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, मी सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० देते. बेरीज २४०, शाई सुकते, रंग खोल येतो. नवशिके चारही रंग १०० ठेवून ४०० करतात. अशी शाई गठ्ठ्यात सुकत नाही, वरच्या शीटच्या पाठीवर छाप उठते आणि घडीवर रंग तडकतो. वरची मर्यादा प्रेसला विचारून घ्यावी. माझा अंदाज आर्ट पेपरला ३००, मॅपलिथोला (लेप नसलेल्या साध्या कागदाला) २७०, न्यूजप्रिंटला २४० असा असतो. फोटोतल्या सावल्यांनाही हीच मर्यादा लागू आहे. सेपरेशन्स प्रीव्ह्यूमध्ये ‘इंक लिमिट’ निवडून आकडा टाकला की मर्यादेबाहेरची जागा लाल होते.

काळ्यावर पांढरी अक्षरं रिव्हर्स काढायची असतील तर आधी त्यांचा आकार बघा. मोठं शीर्षक असेल तर चार रंगांचा काळा चालतो. नऊ-दहा पॉइंटचा मजकूर असेल तर चालत नाही, अनुस्वार रंगाने बुजून जातात. तिथे काळा १०० आणि सायन ४० एवढ्यावर थांबा, आणि वजनदार फाँट घ्या.

श्रद्धांजलीच्या पानावर एक गोष्ट हमखास होते. फोटोच्या खालच्या भागावर नावाचा काळा पट्टा असतो, अर्धा फोटोवर आणि अर्धा कोऱ्या कागदावर. पट्टा शुद्ध काळा, म्हणजे ओव्हरप्रिंट. छापून आल्यावर फोटोवरचा अर्धा भाग गडद आणि कागदावरचा फिका, शिवाय पट्ट्यातून त्या माणसाच्या सदऱ्याची बटणं दिसतात. घरच्या लोकांच्या हातात असं पान पडू नये, असं मला मनापासून वाटतं. पट्ट्याला चार रंगांचा काळा द्या. तो ओव्हरप्रिंट होत नाही, खालचा फोटो कोरून बसतो.

एका प्लेटवरचा फोटो

कृष्णधवल फोटो आरजीबीतून सरळ सीएमवायके केला तर तो चार प्लेटांवर जातो आणि शाई जराशी कमीजास्त झाली की चेहरा हिरवट किंवा गुलाबी होतो. आधी ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या-करड्या छटांचा, करा. मॅपलिथोवर डॉट फुगतो, म्हणून सगळ्यात गडद जागा ९० टक्क्यांवर आणि चेहऱ्यावरचा उजेड ४-५ टक्क्यांवर मी आणून ठेवते.

ग्रेस्केल टिफ फाइलचा एक मोठा फायदा आहे. इनडिझाइनमध्ये पांढऱ्या बाणाने आतलं चित्र निवडून त्यावर स्पॉट रंगाचा स्वॉच टाकला, की तोच फोटो पूर्णपणे त्या रंगाच्या प्लेटवर जातो. अध्यक्षांची सही, शिक्का, शाईने काढलेला गणपती अशा रेघांच्या चित्रांना तर ग्रेस्केलही नको. १२०० डीपीआयला स्कॅन करून बिटमॅप मोडमध्ये (नुसतं काळं-पांढरं, करडं नाही) टिफ ठेवा. रेघेच्या कडेला छपाईच्या स्क्रीनचे डॉट येत नाहीत आणि त्यालाही स्वॉचने हवा तो रंग देता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या सहीवर वेळ घालवण्यापेक्षा कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने नवी सही मागवा.

दोन रंगांत फोटो: टोपी आणि भिंत

आता माझं सगळ्यात आवडतं काम. एका वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम आलं होतं, मॅपलिथोवर, दोन रंगांत: काळा आणि मरून. चिटणीस काकांनी संस्थापकांचा एकच फोटो आणून दिला. काळी टोपी, काळा बंद गळ्याचा कोट, खांद्यावर पांढरं उपरणं, मागे अंधारी भिंत. टोपी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते मूळ प्रिंटवरही भिंग लावून बघावं लागत होतं.

फोटोशॉपमध्ये आधी आठ बिटचं ग्रेस्केल, मग इमेज, मोड, ड्युओटोन, म्हणजे एकच फोटो दोन शायांत. पहिली शाई काळी, दुसरी मरून. कुठल्या छटेला किती शाई हे सांगणारी एक वक्ररेषा प्रत्येक शाईला असते. इथे बहुतेक जण दोन्हींची वक्ररेषा सरळच ठेवतात. तसं केलं तर दोन्ही प्लेटांवर एकच चित्र जातं. काळ्याने जे सांगितलं तेच मरून पुन्हा सांगतो, आणि टोपी, कोट, भिंत मिळून एक गोळा होतो. दोन शाया घेतल्यात तर त्यांना वेगवेगळी कामं वाटून द्या.

मी वाटलेली कामं अशी. काळ्याच्या रेषेत १० टक्क्यांना ०, ५० टक्क्यांना ३२, १०० टक्क्यांना ९५. म्हणजे उजळ भागात काळा येतच नाही, मधल्या छटांत मागे राहतो आणि शेवटी एकदम चढतो. मरूनच्या रेषेत ५० ला ४८ आणि १०० ला ७५. चेहरा साधारण २५ ते ४५ टक्क्यांत असतो, तो आता मरूनने घडला. डोळे, मिशी आणि टोपीची कड काळ्याने उचलली. उपरण्याच्या घड्यांत काळ्याचा एकही डॉट नव्हता, फक्त मरूनची हलकी सावली, त्यामुळे कापड कापडासारखं दिसलं. भिंतीचं काम त्याआधी ग्रेस्केलमध्येच करून घेतलं होतं. भिंत निवडून ती ८० टक्क्यांपर्यंत उजळली, टोपी ९५ वर ठेवली. काळ्याची रेषा शेवटाला तीव्र चढत असल्यामुळे १५ टक्क्यांचा तो फरक काळ्या प्लेटवर आणखी रुंदावला, आणि टोपी भिंतीपासून सुटली. हे आकडे त्या फोटोचे आणि त्या कागदाचे आहेत, तुमच्या फोटोला जसेच्या तसे लावू नका.

ड्युओटोनची अडचण ही की चॅनल्समध्ये, म्हणजे फोटोशॉप एकेका शाईचं चित्र सुटं दाखवतं त्या यादीत, एकच चॅनल दिसतं, प्लेटा वेगळ्या दिसत नाहीत. त्यासाठी तात्पुरता मोड ‘मल्टिचॅनल’ करा. दोन चॅनल सुटे होतात. एकेक बघा, समाधान झालं की अन्डू करून परत ड्युओटोनवर या. काळ्या चॅनलमध्ये चेहरा जवळजवळ कोरा आणि फक्त डोळे-मिशी दिसली पाहिजे. पहिल्यांदा बघताना भीती वाटते, पण ती प्लेट बरोबर असते. फाइल पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) ठेवून तशीच इनडिझाइनमध्ये आणा. ड्युओटोन टिफमध्ये सेव्ह होत नाही.

स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या डॉटांच्या रांगांचा, कोन प्रेसला लेखी कळवा. चार रंगांत काळा ४५ अंशांवर, सायन १५, मॅजेंटा ७५ आणि पिवळा ० अंशांवर असतो. स्पॉट रंगाला मात्र आरआयपी (फाइलचे डॉट बनवणारं प्रेसचं सॉफ्टवेअर) पुष्कळदा ४५ च देतं. काळा आणि मरून दोन्ही ४५ वर बसले की मॅचिंगच्या जराशा फरकाने चेहऱ्यावर जाळी उठते किंवा रंगच बदलत जातो. मरून ७५ वर टाकायला सांगा, ३० अंशांचं अंतर पुरतं.

फोटोचा एकच भाग स्पॉट रंगात

पत्रिकेवर समईचा कृष्णधवल फोटो आणि फक्त ज्योत केशरी, असं काम असेल तर ड्युओटोन नको, स्पॉट चॅनल हवं. ज्योत निवडा, चॅनल्सच्या मेन्यूतून ‘न्यू स्पॉट चॅनल’ घ्या. तिथला ‘सॉलिडिटी’चा आकडा फक्त स्क्रीनवर दिसण्यापुरता आहे, छपाईत त्याने काही बदलत नाही. स्पॉट चॅनल काळ्यावर नुसतं चढतं, खालचं कोरत नाही. ज्योतीखालचा करडा तसाच राहिला तर केशरी राखाडी होतो. म्हणून स्पॉट चॅनलवर कंट्रोल दाबून क्लिक करा, निवड येईल. ती २ पिक्सेलनी आत ओढा, मग करड्या चॅनलवर जाऊन तेवढा भाग पांढरा करा. ३०० डीपीआयला २ पिक्सेल म्हणजे साधारण ०.१७ मिलिमीटर. तेवढा केशरी काळ्यावर चढलेला राहिला की मॅचिंग हललं तरी पांढरी फट दिसत नाही.

एक रंग, एक नाव

त्या स्मरणिकेत टोपी सुटली, पण प्लेटा आल्या तेव्हा दोनऐवजी तीन होत्या. काळा एक, मरून दोन. शीर्षकांना मी इनडिझाइनमध्ये ‘पँटोन २०२ यू’ दिला होता आणि फोटोत ‘पँटोन २०२ सी’. पँटोन म्हणजे रंगांना ठरावीक क्रमांक देणारी कंपनी. शाई तीच, सी म्हणजे कोटेड कागदावरची आणि यू म्हणजे अनकोटेडवरची नोंद. संगणकाला मात्र नाव वेगळं म्हणजे रंग वेगळा. मरूनची एक प्लेट शीर्षकांची, दुसरी फोटोंची. सगळ्या फॉर्मच्या (एका शीटवर एकत्र छापायच्या पानांच्या) प्लेटा मला पुन्हा काढाव्या लागल्या.

तेव्हापासून काम हातात घेतल्यावर पहिल्यांदा मी स्पॉटचं नाव ठरवते आणि कागदावर लिहून टेबलाला चिकटवते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, तिन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच. शेवटच्या क्षणी घोळ सापडला तर इनडिझाइनच्या किंवा अ‍ॅक्रोबॅटच्या इंक मॅनेजरमध्ये एका नावाला दुसऱ्याचं ‘एलिअस’ देऊन दोन्ही एका प्लेटवर आणता येतात. पण वेळ असेल तर मुळात जाऊनच दुरुस्त करा, ती फाइल पुढच्या वर्षी पुन्हा उघडणार असते.

२०२२ च्या अखेरीस अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनची बहुतेक रंगपुस्तकं निघाली, ती आता पँटोनचे वेगळे पैसे भरून घ्यावी लागतात. त्यानंतर जुन्या पीएसडी उघडल्यावर काही जणांना स्पॉटच्या जागी काळा दिसला आणि ते घाबरले. प्लेटेसाठी लागतं ते चॅनल आणि त्याचं नाव. चॅनलवर डबल क्लिक करून जवळपासचा कुठलाही रंग दिसण्यापुरता द्या, नाव मूळचंच ठेवा. नवीन कामातही स्वॉचचा प्रकार ‘स्पॉट’ निवडून स्वतःचं नाव देता येतं. आमच्याकडे तो रंग ‘मरून’ एवढ्याच नावाने आहे.

खरा रंग शेवटी मशीनवर कालवला जातो. मशीनमन दादा काचेवर दोन-तीन शाया सुरीने घोटतात, बोटाच्या टोकावर जराशी घेऊन आपल्याच कामाच्या कागदावर टिपटिप ठसे उठवतात आणि शेडकार्डाशेजारी धरतात. ओली शाई गडद आणि तकतकीत दिसते, मॅपलिथोवर सुकली की बसते. म्हणून ठसा उठवून लगेच होकार देऊ नका. चहा पिऊन या, मग दारात उजेडाला नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली मरून वेगळाच दिसतो.

सोनेरी आणि चंदेरी शाईबद्दल थोडंच: तिच्यात फोटो छापू नका. धातूची चमक सपाट, भरीव जागेत येते, बारीक डॉटांत ती मातकट पिवळी दिसते. मॅपलिथोवरही चमक कागदात मुरते.

पाठवण्याआधी

पीडीएफ एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) काढा, म्हणजे सावल्या आणि पारदर्शकता सपाट न होता जातात आणि स्पॉट रंग सीएमवायकेत विरघळत नाही. मग आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये प्लेटांची यादी मोजा. दोन रंगी कामात तिथे सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याचा डोळा एकेक करून चालू ठेवून पानं उलटा. कुठे काही दिसलं, तर एखादा लोगो किंवा जाहिरात रूपांतरातून सुटली आहे.

महत्त्वाच्या पानांची सेपरेशन्स मी अजूनही लेझरवर बटर पेपरवर काढते. दोन बटर पेपर काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवून खालून दिवा लावला, की काळ्याची मिशी मरूनच्या चेहऱ्यावर बसताना दिसते. चिटणीस काकांनाही तेच दाखवलं होतं. त्यांनी वरचा कागद दोनदा उचलून पुन्हा ठेवला आणि मग सही केली.

फाइलसोबत प्रेसला एक चिठ्ठी जाते, हाताने लिहिलेली. त्या कामाची अशी होती: प्लेटा २. काळा ४५ अंश, मरून ७५ अंश. कागद मॅपलिथो. सायन, मॅजेंटा, पिवळा नाही, यादीत दिसल्यास प्लेट न काढता फोन करावा. मरूनची शेड सोबतच्या तुकड्याप्रमाणे, सुकल्यावर जुळवावी. आणि चिठ्ठीला स्टेपल केलेला, त्याच कागदावर उठवलेला मरूनचा ठसा.